एका दिव्याचं इंजिन

भिंगवाल्याने आजवर अख्ख्या गल्लीला टोप्या घातल्या होत्या. न्हाव्याच्या खुर्चीखाली त्याने शिट्टी बसवून दिली होती, गिऱ्हाईक टेकलं की आधी शिट्टी वाजायची. सख्ख्या मेहुण्याला आवाज बदलून फोन केला, ‘तुमच्या पाण्याच्या टाकीत मासा सापडलाय, ओळख पटवायला या,’ आणि मेहुणा खरंच गेला. पण एक टोपी मात्र त्याच्या स्वतःच्याच कानांपर्यंत खाली आली. तिची ही हकिगत.

भिंगवाला म्हणजे कॅमेरे दुरुस्त करणारा. वय बावन्न. दुकान एवढंसं की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाने श्वास रोखून धरायचा. सगळे फोनवर फोटो काढायला लागल्यापासून धंदा बसला, मग दुर्बिणी, चष्म्यांचे स्क्रू, वजनकाटे, जे जे लहान आणि किचकट ते ते त्याच्याकडे यायला लागलं. हात सोन्याचे, पण काम वेळेवर द्यायची बोंब. ‘होत आलंय’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. मास्तरांची दुर्बीण त्याच्याकडे चार वर्षं होत आली होती.

मास्तर म्हणजे भूगोलाचे रिटायर्ड शिक्षक, चौऱ्याहत्तर वर्षांचे. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या मागच्या खोलीत तीन माणसं जमायची: मास्तर, भिंगवाला आणि दातांच्या डॉक्टरीणबाई, कारण गुरुवारी त्यांचा दवाखाना बंद. खोलीभर प्लायवूडचं टेबल आणि त्यावर छोटी रेल्वे. दगडखाणीपासून स्टेशनापर्यंतचा चार मैलांचा फाटा, अंतर आखडून आणि बाकी सगळं सत्त्याऐंशी पट लहान करून बसवलेला. या फाट्यावर मास्तरांच्या वडिलांनी, अण्णांनी, सव्वीस वर्षं इंजिन चालवलं. फाटा केव्हाच उखडला गेला, पण टेबलावर सगळं जागच्या जागी होतं. खाणीचा डोंगर डॉक्टरीणबाईंनी दातांचे साचे काढायच्या प्लॅस्टरचा केला होता. वळणावर झाड होतं, पाण्याची टाकी होती, सिग्नलला तार होती.

नव्हतं ते फक्त इंजिन. अण्णांचं वाफेचं, हिरवं, बुटकं इंजिन. त्याच्या जागी एक लालभडक आधुनिक इंजिन फिरायचं आणि ते समोरून गेलं की मास्तर खिडकीबाहेर बघायचे.

तीन वर्षांपूर्वी छोट्या रेल्वे बनवणाऱ्या एका कंपनीने नेमकं तेच इंजिन काढायचं जाहीर केलं. या धंद्याची रीत अशी, की आधी चित्र दाखवायचं, बुकिंग घ्यायचं, पुरेसे लोक जमले की लांबच्या एकाच कारखान्यात एकदाच माल काढायचा. नंतर रडलात तरी मिळणार नाही. मास्तरांनी पहिल्याच दिवशी बुकिंग केलं.

आणि मग कुठे तरी लढाई पेटली.

आधी मोटरी संपल्या. इंजिनाच्या पोटात बोटाच्या पेराएवढी मोटर असते, आणि तिच्यातल्या लोहचुंबकाला परदेशात पाठवायचं तर म्हणे परवाना लागायला लागला. कारण त्याच मोटरी ड्रोनला बसतात. मग जहाजांचा जवळचा रस्ता बंद झाला, जहाजं अर्ध्या जगाला वळसा घालायला लागली. मग दोन देश एकमेकांवर रुसले आणि कस्टम ड्यूटी दुप्पट झाली. दर तीन महिन्यांनी कंपनीची मेल यायची आणि गुरुवारी तिघं ती एका सुरात वाचायची: “आम्ही अतिशय दिलगीर आहोत.” डॉक्टरीणबाई तर दाढ उपटताना पेशंटलाही हेच म्हणायला लागल्या होत्या.

अशा एका मंगळवारी दुपारी भिंगवाल्याच्या दुकानात माशीही नव्हती. आणि रिकामा भिंगवाला म्हणजे गल्लीला धोका. त्याने नवा ई-मेल पत्ता काढला, कंपनीचं चिन्ह चिकटवलं आणि मास्तरांना मेल लिहिली. ‘कळवण्यास आनंद होतो की आपलं इंजिन जहाजावर चढलं आहे. पाच आठवड्यांत घरपोच.’ जहाजाचं नाव त्याने समोरच्या बामच्या बाटलीवरून उचललं. बंदर कुठलं टाकावं? भिंतीवर एका भिंगाच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं, त्यावर बर्फाचा डोंगर, चार गाई आणि खाली एका गावाचं नाव. नाव ऐकायला भारदस्त होतं. टाकलं. गुरुवारी मास्तर नाचत सांगतील, मग आपण पोट धरून हसू आणि चहा आपल्याकडून, असा साधा बेत होता.

गुरुवारी मास्तर नाचले नाहीत. शांतपणे म्हणाले, “इंजिन निघालं. मी तिन्ही ताईंना फोन केला. पाच आठवड्यांनी रविवारी येतायत.”

भिंगवाल्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तिथेच थांबला. “तिघी?”

“तिघी. तिकिटं काढली. थोरली ब्याऐंशीची आहे रे. गुडघे बदललेत, प्रवास झेपत नाही. या वेळेनंतर ती काही येत नाही. म्हणाली, अण्णांचं इंजिन बघते आणि मग घरातच बसते.”

“मास्तर, ते इंजिन...”

“पहिली फेरी तू मारायचीस,” मास्तर म्हणाले. “ठरलंय माझं. डॉक्टर, तुमची हरकत?”

“छे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि अचानक खाणीच्या डोंगरात तोंड घालून झाडं चिकटवायला लागल्या.

भिंगवाल्याने पुन्हा तोंड उघडलं. मास्तर उठून चहा टाकायला गेले.

घरी बायकोने ऐकलं आणि ती इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

“अगं, हसतेस काय? म्हातारी शेवटचं म्हणून येतेय!”

“मग सांगा ना जाऊन. फोन उचला आणि सांगा.”

“कसं सांगू? माणसाने बहिणीसाठी पलंग हलवलाय!”

“मग इंजिन आणा.”

“कुठून?”

“अहो, तुम्ही लोकांच्या टाकीत मासे सोडता, इंजिन काय मोठंसं?”

झालं. रात्रभर कूस बदलून सकाळी त्याने ठरवलं, की इंजिन आपणच करायचं. चाकं आणि दांडे होते: त्याच्या स्वतःच्या एका इंजिनाची मोटर दोन वर्षांपूर्वी जळाली होती, नवी मागवली होती, आणि त्या मोटरीबद्दलही कुणी तरी अतिशय दिलगीर होतं. सांगाडा फुकट गेला नव्हता. वरचं अंग करायला पितळेचा पत्रा हवा. भांड्यांच्या दुकानाशेजारच्या पत्रेवाल्याकडे गेला तर तो म्हणाला, “पातळ पितळ? ते सगळं काडतुसांकडे पळालं. जाड आहे, दार करायचंय का?”

मग बायकोचा बिस्किटांचा डबा कात्रीखाली गेला. डॉक्टरीणबाईंना त्याने सगळं सांगून टाकलं आणि त्यांनी दाढा कोरायच्या जुन्या सुया दिल्या, त्या सुयांनी पत्र्याला भोकं झकास पडतात.

“डॉक्टर, मास्तरांना तुम्ही सांगता का? तुमचं ऐकतात.”

“मी दुसऱ्याचं किडलेलं उपटते ते पेशंट खुर्चीत बसला तर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही बसा आधी.”

“तुम्हाला मजा वाटतेय.”

“किती दिवसांनी वाटतेय, तुम्हाला काय सांगू!”

उरली मोटर. तिनेच घाम काढला. छोट्या रेल्वेचं सामान विकणारा दुकानदार फोनवर म्हणाला, “मोटर? कुठल्या जगात आहेस? मागच्या महिन्यात एकजण येऊन चारशे घेऊन गेला. मी खुशीत विचारलं, केवढी मोठी रेल्वे मांडलीय? म्हणाला, रेल्वे नाही, उडवायच्यात.”

“एखादी पडली असेल कपाटामागे.”

“कपाट पण विकायला काढलंय, हवंय?”

भंगारवाल्याकडे गेला. पूर्वी तिथे खेळण्यांच्या गाड्या, केस वाळवायची यंत्रं, टेपरेकॉर्डर यांचा डोंगर असायचा. आता पाहिलं तर सगळ्यांची पोटं फाडलेली, आतलं काढून घेतलेलं. “मोटरी वेगळ्या जातात आता,” भंगारवाला म्हणाला. “आठवड्याला गाडी येते.” दोन आठवडे असे गेले. बिस्किटाच्या डब्याचं इंजिन टेबलावर उभं राहिलं, बॉयलर गोल, धुराडं ऐटीत, आणि पोट रिकामं.

आणि एके दिवशी दुकानात एक बाई जुना रोलचा कॅमेरा घेऊन आली, रोल गुंडाळला जात नव्हता. भिंगवाल्याने मागचं दार उघडलं, ज्या रिळावर रोल गुंडाळला जातो ते रीळ ओढून काढलं आणि कपाळावर हात मारला. रिळाच्या आत मोटर! गोल, पेराएवढी, बॉयलरच्या मापाची! पस्तीस वर्षं हेच उघडत होता, आणि वणवण मात्र गावभर. बाईंचा कॅमेरा त्याने इमानदारीत दुरुस्त करून त्याच दिवशी परत दिला. ती बाई अजून सांगते, की तो माणूस आजारी असावा.

माळ्यावर बघितलं तर असे तीनच कॅमेरे शिल्लक. बाकीचे त्याने स्वतःच दिवाळखोर चेहऱ्याने मागच्या वर्षी भंगारात घातले होते, म्हणजे आता त्यातल्या मोटरी कुठे तरी आकाशात असणार. पहिल्या कॅमेऱ्यातली मोटर गंजून घट्ट झाली होती. दुसरी त्याने घाईघाईत रुळाच्या करंटला लावली. ती तीन व्होल्टची, रुळात बारा. ठिणगी पडली, वास आला, संपलं.

तिसरा कॅमेरा त्याच्या लग्नात मेहुण्याने दिलेला.

“काढा,” बायको म्हणाली. “सगळे फोटो डोकं कापूनच यायचे त्यात.”

“तुझ्या भावाने दिलाय.”

“म्हणूनच म्हणते.”

या वेळी त्याने करंट अडवून, फुंकून फुंकून मोटर लावली. इंजिन चाललं. पण त्याला दोन सवयी होत्या. एक, चालताना रोल गुंडाळल्यासारखा किर्रर्र आवाज यायचा. दुसरी, मोटर जन्मभर एकाच दिशेने फिरलेली, त्यामुळे इंजिन पुढे जाताना दमेकऱ्यासारखं आणि मागे येताना मोकाट सुटायचं. पुष्कळ खटाटोप केला, सरळ होईना. शिवाय पाच-सहा फेऱ्या झाल्या की बॉयलर तापायचा, आणि तापलं की विझणार हे त्याला दुसऱ्या मोटरीने शिकवलं होतं.

रंग द्यायच्या आधी तो अंदाज घ्यायला मास्तरांकडे गेला.

“मास्तर, सहज विचारतो. अण्णांचं इंजिन त्या कंपनीच्या चित्रासारखंच होतं ना? दोन दिवे, मध्ये नंबर?”

“दोन कुठले? कंपनीने कारखान्यातून निघालेलं दाखवलंय. आमच्या इंजिनाला एकच. उजवा दिवा फुटला तेव्हा पण लढाई चालू होती, मागची. नवा दिवा मागवला तर उत्तर आलं, सध्या सगळे दिवे सैन्याला. अण्णांनी भोकावर पत्रा मारला.”

“आणि लढाई संपल्यावर?”

“दिवा यायचाच होता. इंजिन भंगारात गेलं तरी पत्रा तोच.”

भिंगवाला दिलखुलास हसला. त्याच्याकडे बारका बल्ब एकच होता.

“मास्तर, अजून एक सांगायचंय. ती मेल...”

“रविवारी, रविवारी,” मास्तर म्हणाले. “आता मला थोरलीच्या खुर्चीला उशी शोधायचीय.”

रविवार उजाडला. भिंगवाल्याने आदल्याच दिवशी एका जुन्या खोक्यावर परदेशी स्टॅम्पसारखं काही तरी उठवून इंजिन त्यात घातलं आणि ‘कुरियरवाला माझ्या दुकानात देऊन गेला’ म्हणून आणून दिलं होतं. मास्तरांनी खोका हातात घेतला, उलटसुलट केला आणि न उघडता टेबलावर ठेवला. “ताई आल्यावर.”

तिघी ताया आल्या. थोरली काठी टेकत, मधली तिला सांभाळत आणि धाकटी, म्हणजे शहात्तरची, दोघींना सूचना देत.

“बाळ्या, किती वाळलास रे!”

“हे पाहुणे कोण?”

“तुझे रेल्वेतले मित्र होय? मग असे कोपऱ्यात का उभे आहेत?”

चौऱ्याहत्तर वर्षांचा बाळ्या गुपचूप सगळ्यांना पाणी देत होता. भिंगवाल्याला एरवी या ‘बाळ्या’वर महिनाभर पुरेल एवढा माल मिळाला असता, पण आज तो रुळाची तार पुन्हा पुन्हा तपासत होता.

खोका उघडला. हिरवं, बुटकं इंजिन रुळावर बसलं. भिंगवाल्याने करंटच्या कंट्रोलरचा दांडा हळूच फिरवला. किर्रर्र करत इंजिन खाणीतून निघालं, मालाच्या चार वाघिणी मागे.

मग मधली म्हणाली, “केवढंसं हे!”

“सत्त्याऐंशी पट लहान,” मास्तर म्हणाले.

“आवाज कसला करतंय? मांजर अडकलंय का आत?”

भिंगवाला घाईने खोकला. इंजिन स्टेशनात पोचलं. आता उलटं यायचं. त्याने दांडा फिरवला मात्र, आणि इंजिन सुटलं! चारही वाघिणी ढकलत, झाड, टाकी, सिग्नल मागे टाकत धाडधाड खाणीकडे! त्याने घाईने आवरलं. झालं, म्हणाला मनात, आता सापडलो.

“बघ बघ!” धाकटी टाळी वाजवून म्हणाली. “परतताना कसं पळतंय! अण्णांची ड्यूटी संपायची ना तेव्हा. गार्डाने दोनदा तक्रार केली होती वर.”

“तीनदा,” मधली म्हणाली.

थोरली खुर्चीतून उठली. तिने चष्मा वर केला, काठी खुर्चीला लावली आणि वाकून थेट इंजिनाच्या तोंडाशी तोंड नेलं. बराच वेळ बघत राहिली. तिथे एक दिवा लागला होता आणि दुसऱ्या जागी नखाएवढा पत्रा होता, कडा थोडी वाकडी कापलेली.

“हा पत्रा मी धरला होता,” ती म्हणाली. “अण्णा खिळे मारत होते आणि मी धरला होता. माझ्या बोटाला लागलं. मी आठ वर्षांची असेन.” तिने डाव्या हाताचं बोट पुढे केलं. बोटावर आता काही दिसत नव्हतं, पण सगळ्यांनी वाकून पाहिलं.

मग ती वळणावरच्या झाडाजवळ बोट ठेवून म्हणाली, “इथे हळू करायला सांग. इथे आम्ही डबा द्यायचो. थांबायचं नाही इंजिन, फक्त हळू व्हायचं.”

भिंगवाल्याने हळू केलं. इंजिन किर्रर्र करत बोटापाशी आलं, बोट दोन इंच इंजिनाबरोबर चाललं आणि थांबलं.

“पुन्हा,” थोरली म्हणाली.

पुन्हा झालं. पुन्हा. पुन्हा. सहाव्या फेरीला भिंगवाल्याला ओळखीचा वास आला. अजून एक फेरी आणि मोटर आटोपली असती. त्याने दांडा शून्यावर आणला.

“काय झालं?” मधली म्हणाली.

“पाणी भरायचंय,” भिंगवाला म्हणाला. “वाफेचं इंजिन आहे. टाकीपाशी थांबावं लागतं.”

“बरोबर आहे,” धाकटी म्हणाली. “अण्णा पण थांबायचे.” आणि तिघी जणी चहाला बाहेरच्या खोलीत गेल्या.

मागच्या खोलीत तिघं उरली. भिंगवाल्याने एकदाचा श्वास सोडला. “मास्तर, मला एक सांगायचंय. ते इंजिन कंपनीचं नाही. मेल मीच...”

मास्तरांनी इंजिन उचललं, उलटं केलं आणि छपराच्या आतल्या बाजूला बोट लावलं. तिथे रंग लागला नव्हता. अर्धं बिस्किट स्पष्ट दिसत होतं.

“ते आत्ता बघितलंत,” भिंगवाला म्हणाला.

“ते आत्ता. मेल मात्र पहिल्याच दिवशी,” मास्तर म्हणाले. त्यांनी कपाटातून शाळेचं जुनं नकाशांचं पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं. मध्ये पेन्सिलीने एक गोल होता. “हे तू लिहिलेलं बंदर. समुद्र दाखव.”

भिंगवाल्याने पाहिलं. चारी बाजूंनी तपकिरी. नुसते डोंगर.

“पस्तीस वर्षं भूगोल शिकवला मी. डोंगरात जहाज चढवणारं पोर वर्गात एकच असायचं, तेही मागच्या बाकावरचं.”

डॉक्टरीणबाईंनी इतके आठवडे धरून ठेवलेलं हसू फुटलं आणि त्या खाली बसल्या.

“मास्तरांनी ओळखलंय हे तुम्हाला माहीत होतं, डॉक्टर?”

“पहिल्या गुरुवारच्या आधीच. यांनी मेल घेऊन दवाखाना गाठला. गाल चावून चावून माझीच दाढ दुखायला लागलीय.”

“आणि मास्तर, तुम्ही तायांना बोलावलंत? मेल खोटी आहे हे माहीत असून?”

“दुर्बीण दिलीय तुला,” मास्तर म्हणाले. “किती वर्षं झाली?”

भिंगवाला नकाशात समुद्र शोधायला लागला.

“इंजिन करून दे म्हणून सांगितलं असतं तर तेही होतच आलं असतं. थोरलीला तेवढा वेळ नाही. लढाई कधी थांबेल ते मला ठाऊक नाही, जहाज कधी निघेल ते कंपनीला ठाऊक नाही. तू मात्र गल्लीतच होतास.”

“आणि नसतं जमलं तर?”

“तर तिघींना तुझ्याच तोंडाने सांगायला लावलं असतं. तिघी एकदम बोलतात, ऐकलंस ना.”

“पण मास्तर, कंपनीचं खरं इंजिन येईलच की कधी तरी. मग हे...”

“नाही येणार. बुकिंग रद्द केलं मी. तुझी मेल आली त्याच संध्याकाळी.”

भिंगवाल्याने इंजिन हातात घेतलं, बॉयलरला बोट लावलं, चटकन मागे घेतलं आणि फुंकर घालायला लागला.

बाहेरून काठीचा आवाज जवळ आला. थोरलीने दारातून मान आत घातली.

“अरे, पाणी भरून झालं का?”

“होत आलं,” भिंगवाला सवयीने म्हणाला. मग मास्तरांकडे बघून जीभ चावली. “दोन मिनिटं, ताई. घड्याळ लावा.”